तीनशे पंधरा बोअर: भीतीतून जन्मलेलं काडतूस

दुर्ग-भिलाईचे हिंदी पेपर रोज चाळले की एक बातमी पाठ होऊन जाते. कुणाकडे तरी देशी कट्टा सापडतो, सोबत एक-दोन जिवंत काडतुसं, आणि बोअर ठरलेला: ३१५. परवान्याच्या हत्यारांचंही तसंच. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानेवाले आपापली हत्यारं ठाण्यात जमा करतात. त्यात बारा बोअरच्या दुनळ्या असतात, आणि रायफल असली तर ती बहुतेक इशापूरची .३१५. इथले एक माजी सुभेदारसाहेब मला परवा म्हणाले, "आपण थ्री-नॉट-थ्री चालवली, एसएलआर चालवली, पोरांनी इन्सास चालवली. मग हे ३१५ आलं कुठून? आपल्या कुठल्या पलटणीत होतं का कधी?"

नव्हतं. आपल्या पायदळाचं ते कधीच नव्हतं. ते १८८८ च्या सुमारास ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बादशहाच्या फौजेसाठी बनलेलं मॅनलिखर काडतूस आहे. कागदोपत्री नाव ८ बाय ५० आर. आठ मिलिमीटरचा बोअर, पन्नास मिलिमीटरचा खोका, आणि 'आर' म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड. ते बादशहा गेले, त्यांचं साम्राज्य १९१८ मध्ये मोडलं, त्या फौजेनंतर जन्मलेल्या देशांनी दुसरी काडतुसं घेतली. आणि त्यांचं जुनं काडतूस छत्तीसगडच्या मालगुजार घराण्यांच्या भिंतींवर आणि ठाण्यांच्या मालखान्यात येऊन बसलं. सुभेदारसाहेबांना चहाच्या एका कपात जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. बाकीचं इथे लिहितो.

आधी 'छोटा बोअर' या शब्दाबद्दल. आज छोटा बोअर म्हटलं की आपल्याला .२२ किंवा ५.५६ आठवतं. पण सव्वाशे वर्षांपूर्वी छोटा बोअर म्हणजे .३०३ होती. १८५७ ची एनफिल्ड .५७७ ची, म्हणजे जवळजवळ पंधरा मिलिमीटर. तिच्यानंतरची मार्टिनी-हेन्री .४५० ची. त्यापुढे १८८८ मध्ये .३०३ आली तेव्हा जुन्या सार्जंटांना ती खेळणं वाटली असणार. आणि १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेत तक्रार आलीच: गोळी आरपार जाते, पण धावत येणारा माणूस थांबत नाही. त्यावर कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकाचं धातूचं आवरण काढून आतलं शिसं उघडं ठेवलं. अशी गोळी अंगात फुलते. तिचंच नाव दमदम गोळी. १८९९ च्या हेगच्या परिषदेत असल्या गोळ्यांना युद्धात बंदी झाली. एका कलकत्त्याच्या उपनगराचं नाव जगभरच्या कायद्याच्या पुस्तकांत गेलं, तेही असल्या कारणानं.

आता बंदीची गोष्ट. १८७८ च्या लिटनच्या आर्म्स ॲक्टनं हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बंद केलं, गोऱ्यांना मात्र सूट दिली. पण सरकारला खरी काळजी काडतुसांची होती. रायफल चोरणं अवघड, काडतुसं चोरणं सोपं. फौजेचं काडतूस खाजगी रायफलीत चालत असेल तर कोठारातून गेलेली प्रत्येक पेटी बंडवाल्याच्या कामाची. म्हणून फौजेच्या बोअरची रायफल खाजगी माणसानं बाळगायची नाही, असा नियम आला. १९०७ मध्ये हिंदुस्थान आणि सुदानात .४५० बोअरवर बंदी आली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री सरहद्दीवर फिरत होत्या. त्यावर लंडनच्या बंदूकवाल्यांनी काय केलं? .४५० च्या आजूबाजूचे आकडे काढले: .४६५, .४७०, .४७५, .४७६. हत्तीच्या शिकारीची कित्येक नामांकित काडतुसं या एका सरकारी हुकुमाची पिल्लं आहेत. ती बनली हत्तीसाठी, पण त्यांचा आकडा ठरवला कायद्यानं.

.३०३ च्या बाबतीत तोडगा जास्त साधा होता. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीकडे ली-एनफिल्डचा कारखाना तयार होता. त्या रायफलीच्या बोल्टमध्ये कडेचं काडतूस बसतं. मॅनलिखरचं काडतूस कडेचंच, कड जवळपास .३०३ एवढीच, खोका आखूड आणि जरा जाड. म्हणजे नळी बदलली, थोडी घासघूस केली की तीच रायफल ८ मिलिमीटरची होते. बाजारात नाव दिलं .३१५. फौजेचं काडतूस तिच्यात जात नाही, आणि शिकाऱ्याला सांबर, रानडुक्कर, बिबट्या यांच्यापुरती ताकद मिळते. सरकारही खूश, कंपनीही खूश.

ताकदीचा हिशेब पाहा. .३०३ च्या मार्क सातची गोळी १७४ ग्रेनची, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅमची, आणि नळीतून निघताना वेग सेकंदाला ७४४ मीटर. .३१५ ची गोळी २४४ ग्रेनची, पावणेसोळा ग्रॅमच्या आसपास, वेग साधारण ६२० मीटर. नळीच्या तोंडाशी ऊर्जा दोघींची तीन हजार जूलच्या पुढेमागे, जवळपास सारखीच. फरक पुढे पडतो. टोकदार .३०३ वेग टिकवून धरते, गोल टोकाची .३१५ लवकर खाली येते. शंभर मीटरच्या जंगलात दोघी सारख्या, तीनशे मीटरवर .३१५ नं निशाणा साधायचा तर अंदाज पक्का लागतो. इंग्रजांना हेच हवं होतं, असं म्हणायला पुरावा नाही. पण सोयीचं नक्कीच पडलं.

स्वातंत्र्य आलं, १९५९ चा नवा आर्म्स ॲक्ट आला, १९६२ चे नियम आले. नव्या सरकारनं बोअरची बंदी तशीच ठेवली. निषिद्ध बोअरच्या यादीत .३०३ राहिली आणि तिच्या शेजारी ७.६२ येऊन बसली. इशापूरची सरकारी फॅक्टरी .३१५ च्या स्पोर्टिंग रायफली बनवू लागली. या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरं दिसतात, म्हणजे आपली खडकी. पुण्याच्या खडकीचा काडतूस कारखाना १८६९ चा. दोन्ही महायुद्धांत हिंदी जवानांच्या पट्ट्यातली .३०३ तिथून गेली. पुण्यातल्या किती घरांतल्या आजोबांनी तिथे तीस-तीस वर्षं काढली असतील.

आता हौशी नेमबाजाकडे वळतो, कारण काडतुसाचा खरा अभ्यास तो करतो. आपण शिपाई करत नाही. आपल्याला राऊंड मोजून मिळतात आणि फायरिंग संपलं की खोके मोजून परत द्यावे लागतात. मराठी पेपरात ज्याला पुंगळी म्हणतात तोच पलटणीतला खोका. एक कमी पडला तर अख्खी डिटेल गवतात वाकून शोधत बसते, हे वाचणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकाच्या कमरेला आठवत असेल. अमेरिकेतला किंवा युरोपातला हौशी नेमबाज तोच खोका खिशात घालून घरी नेतो. त्याच्यासाठी तो कचरा नसून भांडवल आहे. काडतुसाचे चार भाग: पितळी खोका, बुडातली टोपी, दारू आणि गोळी. उडल्यावर तीन संपतात, खोका उरतो, आणि किमतीत सगळ्यात महाग तोच. घरच्या टेबलावर दाबयंत्रानं खोका पुन्हा मापात आणायचा, नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी. यालाच हँडलोडिंग म्हणतात. नीट वापरला तर एक खोका कितीतरी वेळा भरता येतो.

हे फक्त सेंटरफायर काडतुसात जमतं, म्हणजे ज्याची टोपी बुडाच्या मधोमध असते. एनसीसीत आपण जी .२२ उडवली ती रिमफायर. तिचा पेटणारा मसाला बुडाच्या कडेत पसरलेला असतो, घोडा कड चेपतो आणि ती पेटते. एकदा चेपली की खोका फेकायचा.

टोपीतही दोन घराणी आहेत आणि त्यांची उलटापालट मजेची आहे. बॉक्सर हा वुलिचचा इंग्रज अधिकारी. त्याच्या पद्धतीत टोपीची ऐरण टोपीतच असते आणि खोक्याला मधोमध एकच भोक; आतून सुई घातली की जुनी टोपी टप्पकन बाहेर. बर्डन हा अमेरिकन. त्याच्या पद्धतीत ऐरण खोक्यातच घडवलेली असते आणि भोकं दोन, बाजूला. सुई जातच नाही. अमेरिकेनं इंग्रजाची पद्धत घेतली, इंग्रजांनी आणि युरोपनं अमेरिकनाची. त्यामुळे अमेरिकेत घरोघर काडतुसं भरणं सोपं झालं आणि .३०३ चा फौजी खोका एकदा उडला की भंगार. शिवाय .३०३ मध्ये दारूही कॉर्डाइटची, शेवयांसारख्या काड्यांची. कारखान्यात आधी काड्यांची जुडी आत घालायची आणि मग खोक्याची मान आवळायची. घरच्या टेबलावर हे कोण करणार?

ली-एनफिल्डच्या चेंबरबद्दलही सांगायला हवं. खंदकातल्या चिखलानं माखलेलं काडतूस अडकू नये म्हणून ते मुद्दाम सैल ठेवलेलं असे. शिपायाला ते सोन्यासारखं. पण खोका दर वेळी फुगून ताणला जातो, बुडाजवळ पातळ होतो, आणि हौशी माणसानं तोच पुन्हापुन्हा पुरता मापात दाबला तर एके दिवशी बूड तुटून वेगळं होतं. म्हणून .३०३ भरणारे जाणकार खोक्याची फक्त मान आवळतात, अंग तसंच ठेवतात. शिपायाला चेंबर सैल हवं आणि छंदवाल्याला घट्ट, सगळा फरक इथे आला. हे सगळं पितळेचं चाललंय. रशियानं युद्धाच्या घाईत आणि नंतरही बरेचसे खोके लोखंडी पत्र्याचे, वर लाखेचा मुलामा दिलेले, असे केले. स्वस्त पडतात, पण लोखंडात पितळेची लवचीकता नाही, म्हणून भरणारे त्यांना हात लावत नाहीत. रशियानं १९५५ च्या करारानं उभारून दिलेल्या पोलादी गावात बसून मी पितळेची बाजू घेतोय, हे इथल्या मित्रांनी मनावर घेऊ नये.

अमेरिकेतल्या या टेबलावरच्या उद्योगातून पुढे जे झालं ते आपल्या कामाचं आहे. १९२० च्या दशकात स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारातल्या काही हौशी मंडळींनी काळ्या दारूच्या जमान्यातलं एक जुनं .२२ सेंटरफायर काडतूस नव्या दारूनं भरून पाहिलं. १९३० मध्ये विंचेस्टरनं ते बाजारात आणलं, नाव .२२ हॉर्नेट. पंचेचाळीस ग्रेनची गोळी, सेकंदाला आठशे मीटरवर. धक्का नाही, आवाज माफक, पण खोक्याच्या भिंती पातळ, जपून भरावा लागतो. १९३५ ला .२२० स्विफ्ट आलं, सेकंदाला बाराशे मीटरच्या वर. वेगाचं वेड असणाऱ्यांना स्वर्ग, पण नळीचा गळा लवकर जळतो. .२२-२५० हे कित्येक वर्षं घरगुतीच होतं, .२५० सॅव्हेजच्या खोक्याची मान आवळून केलेलं. रेमिंग्टननं त्याला १९६५ मध्ये अधिकृत नाव दिलं.

यांच्यामध्ये सगळ्यात महत्त्वाचं .२२२ रेमिंग्टन, १९५० चं. कंपनीचे माइक वॉकर स्वतः बेंचरेस्टचे खेळाडू. म्हणजे टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवायची, पाच किंवा दहा गोळ्या मारायच्या आणि ग्रुप मोजायचा. आपलं ग्रुपिंग, पण मिलिमीटरच्या भागांत. या खेळात .२२२ नं पुढे वीसेक वर्षं राज्य केलं. पन्नास ग्रेनची गोळी, साडेनऊशे मीटरच्या आसपास वेग, थोडी दारू, थोडा धक्का, नळी टिकाऊ. मला विचाराल तर छंदासाठी बनलेल्या छोट्या काडतुसांत याच्याइतकं समजूतदार दुसरं नाही.

नावांच्या आकड्यांनी मात्र फसू नका. .२२०, .२२२, .२२३, .२२-२५०, या सगळ्यांची गोळी एकाच जाडीची आहे, .२२४ इंच. फरक खोक्यात किती दारू मावते याचा, आणि नळीतले आटे किती वेगानं वळतात याचा. .२२२ च्या नळीत चौदा इंचांत एक फेरा पुरे, कारण गोळी हलकी आणि आखूड. गोळी लांब केली की तेवढ्या फेऱ्यात ती भोवऱ्यासारखी डगमगते. मग बारा इंचांत एक, आणि आजच्या लांब गोळीसाठी अमेरिकी फौजेनं थेट सात इंचांत एक केला.

अमेरिकी फौजेला हलकी रायफल हवी झाली तेव्हा रेमिंग्टननं याच .२२२ चा खोका दीड मिलिमीटरनं वाढवला. १९६४ चं .२२३ रेमिंग्टन ते. त्याचंच फौजी रूप ५.५६ बाय ४५. दोघं दिसायला सारखे, पण फौजी चेंबरात आट्यांपूर्वीची मोकळी जागा जास्त असते, म्हणून ५.५६ चं काडतूस घट्ट .२२३ चेंबरात घालू नये असं तिथले भरणारे एकमेकांना बजावतात. १९८० मध्ये नाटोनं बेल्जियमची बासष्ट ग्रेनची एसएस-१०९ गोळी प्रमाण ठरवली. म्हणजे खेळाच्या टेबलावर जन्मलेलं काडतूस तीस वर्षांत अर्ध्या जगाच्या फौजांचं झालं. उलटा प्रवासही झाला. कलाश्निकोव्हच्या ७.६२ बाय ३९ वरून रशियात .२२० रशियन हे शिकारीचं काडतूस निघालं, आणि त्याच्या खोक्यावरून १९७५ मध्ये पाल्मिसानो आणि पिंडेल या दोघा अमेरिकनांनी ६ मिलिमीटर पीपीसी केलं. त्यानं .२२२ ला गादीवरून उठवलं. ज्या एकेला आपण 'अंदाजे मारा' म्हणून हसतो, तिची नात जगातली सगळ्यात अचूक निघाली.

५.५६ आपल्याकडे आलं ते पुण्यातूनच म्हणायला हवं. पाषाणच्या एआरडीईनं इन्सासचा आराखडा केला, काडतुसं जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावात बनू लागली. आणि चित्रालची तक्रार शंभर वर्षांनी शब्दशः परत आली: लागते, पण थांबत नाही. जखमी केला की त्याला उचलायला दोन माणसं अडकतात, हे तत्त्व तुम्हीही वर्गात ऐकलं असेल. माझ्या मते ती नंतर जोडलेली कथा आहे. छोट्या बोअरचं खरं कारण वजन. ७.६२ बाय ५१ चा एक राऊंड चोवीस ग्रॅमच्या आसपास, ५.५६ चा बारा. त्याच ओझ्यात दुप्पट राऊंड. किंमतही आहेच: .३०३ ची ऊर्जा तीन हजार जूल, ५.५६ ची साडेसतराशेच्या आसपास. झाडीत, भिंतीमागे, जवळून, हा फरक कळतो. २०१९ मध्ये सेनेनं अमेरिकेकडून ७२,४०० सिग रायफली घेतल्या त्या ७.६२ बाय ५१ च्या. अमेठीच्या कोरव्यात एके-२०३ बनते, ती ७.६२ बाय ३९ ची. छोट्या बोअरकडून आपण पुन्हा मोठ्याकडे निघालो आहोत.

आणि आपला हौशी नेमबाज? नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ ची, तिच्या उभारणीत पुढाकार गणेश वासुदेव मावळंकरांचा, जे पहिल्या लोकसभेचे सभापती. आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी पात्रता स्पर्धा त्यांच्याच नावानं होते. त्यातून किती मराठी नावं आली: अंजली भागवत, सुमा शिरूर, २०१० च्या जागतिक स्पर्धेत सोनं आणणारी तेजस्विनी सावंत, २०२४ च्या पॅरिसमध्ये कांस्य जिंकणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे. पण पाहा, ही सगळी यशं एअर रायफल आणि रिमफायर .२२ ची. सेंटरफायर छोट्या बोअरमध्ये आपलं नाव जवळजवळ नाही. १९७२ च्या कायद्यानं शिकार संपली, आणि ते बरंच झालं. याच छत्तीसगडच्या कोरियात १९४७ मध्ये महाराजांनी तीन चित्ते मारले, ते देशातले शेवटचे म्हणून नोंदले गेले. मग उरला कागदी निशाणा. पण त्यासाठी स्वस्तात सराव हवा आणि स्वस्त सराव म्हणजे हँडलोडिंग. १९५९ च्या कायद्यातली 'दारूगोळा' ही व्याख्या अशी आहे की काडतुसाचे सुटे भाग आणि काडतूस बनवायचं यंत्रही तिच्यात येतं. म्हणजे अमेरिकन पोरगा वाढदिवसाला मागतो ते दाबयंत्र इथे घरात सापडलं तर प्रकरण कारखान्याच्या परवान्यापर्यंत जातं.

बस्तर इथून फार लांब नाही. ठासणीच्या बंदुकीला इथे भरमार म्हणतात, आणि तिनं किती जवान गेले हे मी पाहिलेलं आहे. टोप्या आणि दारू दुकानात मोकळी मिळावी असं मी कधीच म्हणणार नाही. पण रेंजवर, क्लबच्या कुलपात, आपल्या खोक्यांसारखी मोजून, नोंदवहीत सही घेऊन खेळाडूला स्वतःची काडतुसं भरू द्यायला काय हरकत आहे? मोजदाद करणारे निवृत्त क्वार्टरमास्टर हवे तेवढे मिळतील.

सुभेदारसाहेबांचा दुसरा प्रश्न होता, ३१५ कधी जाईल? २६/११ च्या रात्री सीएसटीवर .३०३ हाती घेऊन उभे राहिलेले शिपाई आपण पाहिले. २६ जानेवारी २०२० ला उत्तर प्रदेश पोलिसांनी परेडमध्ये .३०३ ला शेवटचा सलाम केला आणि ती जमा केली. निषिद्ध बोअरच्या यादीत मात्र ती अजून आहे, म्हणून .३१५ अजून बनते आहे.